हिरूच्या घरचा ओ

१

शाळा सुटली की सांबरखारच्या मराठी शाळेतला मोठा वर्ग नेत्राचा व्हायचा. पोरं दप्तरं उडवत पळाली, खिचडीचं पातेलं घासून पालथं पडलं, की ती बाकं भिंतीकडे सारायची, खिडक्या सताड उघडायची आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या हार्पवरची गोधडी काढायची. हो, गोधडीच. परदेशातून आणलेली जाड खोळ इथल्या दमट हवेत बुरसून गेली होती. मग स्टूल ओढून बसायचं, वाद्य उजव्या खांद्यावर कलतं घ्यायचं आणि चावीने एकेक तार पिळत सुरात आणायची. खाऱ्या वाऱ्याने तारा रोज बिघडायच्या, ती रोज जुळवायची. यात बराच वेळ जाई, आणि दिवसभरात तेवढाच वेळ तिला एकटं वाटत नसे.

शाळा उंचवट्यावर होती; पश्चिमेच्या खिडक्यांतून कापणी झालेली, मोकळी भातशेती दिसायची. शेतांच्या टोकाला मातीचा बांध, माणसाहून उंच. बांधापलीकडे खाजण: चिखल, तिवरांची झाडी आणि भरतीला या सगळ्यावर चढणारं खाडीचं पाणी. हवा स्वच्छ असली तर त्याही पलीकडे थळच्या कारखान्याचा धूर.

त्या दिवशी तिने नवी रचना पहिल्यांदा सलग वाजवली. या रचनेत तिने मुद्दाम रिकाम्या जागा ठेवल्या होत्या. वर चढणारी तीन सुरांची हाक, मग शांतता. पुन्हा हाक, पुन्हा शांतता. तिसऱ्या हाकेनंतर ती थांबली, आणि त्या रिकाम्या जागेत कुठूनसा एक सूर आला. लांबून, खालच्या पट्टीतला, जरासा घोगरा.

तिने दोन्ही तळवे तारांवर दाबले. हार्प गप्प करायची हीच रीत. हार्प गप्प झाली. तो सूर मात्र झाला नाही. तो सावकाश, आपल्या मनाने विरला.

प्रतिध्वनी, ती स्वतःशी म्हणाली आणि खिडकीत जाऊन टाळी वाजवून पाहिली. टाळी बाहेर गेली ती गेलीच. समोर सगळं सपाट. परत यायला आडवी भिंत तरी हवी. शिवाय प्रतिध्वनी आपलाच सूर आपल्याला परत देतो. तिची हाक वर चढणारी होती. आलं होतं ते खाली उतरणारं उत्तर होतं.

तिने खिडकी लावून घेतली. मग, का कोण जाणे, पुन्हा उघडली.

२

तीन महिन्यांपूर्वी हार्प न्हावा शेव्याच्या बंदरात उतरली आणि तिथून कुलदीप नावाच्या ड्रायव्हरच्या पिकअपमधून गावात आली. "मॅडम, इसमें घोडा है क्या?" लाकडी खोका पाहून त्याने विचारलं होतं. शाळेच्या अंगणात खोका उघडला तेव्हा पारावरची माणसं उठून बघायला आली. त्यांच्यात काळूराम पाटील होते. गावात कुठलीही गोष्ट त्यांच्या टोमण्याशिवाय पुढे सरकत नसे.

"काय गो पोरी, बाज उभी का केलीस?" ते म्हणाले. "दोऱ्या आवळायच्या राह्यल्या वाटतं! आन, मी आवळून देतो."

सगळे हसले, नेत्राही हसली. मग तिने उभ्याउभ्याच तारांवरून हात फिरवला, आणि हसणं जागच्या जागी थांबलं. एका बाईने कडेवरच्या पोराचं रडू हाताने दाबलं.

त्या क्षणासाठी तर ती आली होती. वेल्समध्ये पाच वर्षं शिकून, तिथल्या वाद्यवृंदात मिळणारी जागा नाकारून. संगीत म्हणजे काय थंडगार सभागृहात तिकीट काढून बसणाऱ्यांचीच मालमत्ता आहे का? हा प्रश्न तिने शिक्षकांना विचारला, मित्रांना विचारला, खारघरला राहणाऱ्या वडिलांना तर लांबलचक मेलमध्ये विचारला. वडिलांनी उत्तर फोनवर दिलं.

"एक कार्यक्रम कर तिकडे. लोकांना तू आपली वाटलीस, तर राहा, मी आडवा येणार नाही. नाहीतर मुकाट परत जा. गाव सोडून मला चाळीस वर्षं झाली, नेत्रा. तिथं आपलं काही उरलेलं नाही."

तिने ते आव्हान म्हणून घेतलं. ती शाळेमागच्या खोलीत राहू लागली. गावाने तिला काही कमी पडू दिलं नाही. कोणी खेकड्यांचं, म्हणजे इथल्या चिंबोऱ्यांचं, कालवण पाठवी, कोणी तांदळाच्या भाकऱ्या. पण कालवण घेऊन आलेली बाई उंबऱ्यातच उभी राही, वाडगं रिकामं होईपर्यंत. आत येऊन बसत नसे. "पावणीला द्यायला आलेव," एवढंच म्हणे. बायकांची ती पावणी होती. शाळेतल्या केतन सरांची आणि पोरांची मॅडम. एकदा तांदूळ निवडताना तिच्या लक्षात आलं, की फोनवरचे वडील सोडले तर आपल्याला कोणी नावाने हाक मारून कितीतरी दिवस झाले.

३

हाकेची ती रचना तिला सगुणाआत्याकडून मिळाली होती. सगुणाआत्या वडिलांची चुलत बहीण, सत्तरी ओलांडलेली, गावात नात्याचं म्हणावं असं एकच माणूस. तिच्या स्वयंपाकघरात बसून नेत्रा धवले, म्हणजे लग्नातली गाणी, टिपून घ्यायची. एका दुपारी मांदेली तळता तळता आत्या बोलून गेली, की पूर्वी बांधावरून हाळी यायची. आत्याच्या तोंडी ळ नव्हता. ती हाली म्हणायची.

"उधानाला बांध फुटला, खांड गेली, की ज्याला दिसंल तो बांधावरनं हाली द्यायचा. एकेका घराचं नाव घ्यायचा. दामाच्या घरचाऽऽ! त्या घरातनं ओ यायचा. कान्याच्या घरचाऽऽ! ओ. पोशाच्या, बुधाजीच्या. घरटी एक मानूस. वलीत उभं राहून चिखलाचं गोलं या हातातनं त्या हातात द्यायचं, खांड बुजंपर्यंत."

नेत्रा टिपून घ्यायचं विसरली. अख्ख्या गावाला एका सुरात ओवणारी हाक! हे ती कुठे कुठे शोधत होती, आणि ते इथे, तव्याशेजारी होतं.

"आणि आमचं घर, आत्या?"

"तुमचं हिरूचं घर." आत्याने मांदेली उलथली. "पन तुमचं नाव आता हालीत न्हाय. जोत्यावर भेंडीचं झाड आलंय. ज्या घरात ओ देनारं मानूस न्हाय, त्याचं नाव घेत न्हाईत."

"मी आहे ना आता."

"तू पावणी हाइस, बाय," आत्या मायेने म्हणाली आणि सगळ्यात मोठी मांदेली तिच्या ताटात वाढली.

सूर नीट कळावा म्हणून तिने खूप विनवलं. शेवटी आत्याने उठून दार लावलं, कडी घातली, आणि हाळी अगदी दबक्या आवाजात, कानात सांगितल्यासारखी म्हटली. ओ मात्र म्हटला नाही.

"ओ उगाच देत न्हाईत. ओ दिला की मानूस मोजला. मंग जायालाच लागतं. गेलेलं सगलं परत आलं न्हाईत."

"आता तर जेसीबी येतो बांधाला."

"व्हय. जेसीबीला ओ द्यायला लागत न्हाय, तेच बरं हाय." आत्या हसली आणि लगेच गंभीर झाली. "वाजव हौसेनं. पन घरांची नावं घेऊ नको. खांड नसताना नावं घेत न्हाईत."

"हार्प कुठे नावं घेते, आत्या? सुराला काही नाव नसतं."

"तुला मला कलत न्हाय," आत्या म्हणाली. तिने पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीला खिडकी नव्हती. "त्या बाजूला कलत असंल."

संध्याकाळी खोलीवर येऊन नेत्राने रचना लिहून काढली. दामाचं घर, कान्याचं, पोशाचं, बुधाजीचं. प्रत्येकाची हाक, प्रत्येकाची रिकामी जागा. खाली तिने पाचवी हाक लिहिली, हिरूच्या घराची. ती लिहिताना तिचा हात जरा जोरात टेकला.

४

त्या पहिल्या दिवसानंतर उत्तरं वाढत गेली. आधी फक्त तिसऱ्या हाकेला येत होतं. मग पहिलीलाही आलं, दुसरीलाही. दर वेळी आवाज वेगळा. एक पातळ, एक दमलेला, एक इतका कोवळा की ती दचकलीच. चौथ्या हाकेचं उत्तर सगळ्यात उशिरा आलं, जणू देणारा लांबून चालत आला होता.

पाचवीला कोणी उत्तर देत नसे. पण तिच्यानंतरची शांतता निराळी असायची. आपण दारावर थाप मारावी, आतल्या माणसाने श्वास रोखावा आणि दोघांनीही एकमेकांची चाहूल घ्यावी, तशी.

चौथ्या दिवशी तिने केतन सरांना थांबवून घेतलं. सर तिशीतले, म्हसळ्याहून बदलून आलेले. कार्यक्रमाची सगळी धावपळ त्यांनीच अंगावर घेतली होती. तिने वाजवलं. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं. सरांनी खिडकीकडे मान वळवली.

"ऐकलंत ना?" तिने विचारलं.

"हो की. चिंबोऱ्या पकडणारे असतील, मॅडम. खाजणात एकमेकांना हाका मारतातच ते. तुमच्या तालात मारतात, हे मात्र भारी आहे. मानधन द्यावं लागेल हां त्यांना!"

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. चिंबोऱ्यावाले! किती सोपं. सर मोटारसायकल काढून गेले तरी ती हसतच होती. हसत हसत खिडक्या लावायला गेली, आणि पहिल्याच खिडकीशी तिचा हात थांबला.

भरती होती. पाणी बांधाच्या खांद्याला लागलं होतं. खाजण नव्हतंच, तिवरांचे शेंडे तेवढे पाण्यावर हलत होते. तिथे उभं राहील असं माणूस नव्हतं, आणि उभं राहायला जागाही नव्हती.

होडी असेल, तिने ठरवलं. पाण्यावरून आवाज लांबपर्यंत जातो, हे तर कोणीही सांगेल. होडीचं इंजिन ऐकू आलं नव्हतं, पण वल्ह्याची होडीही असते.

त्या संध्याकाळी तिला भीती वाटली, खरंच वाटली. तरीही दुसऱ्या दिवशी ती शाळा सुटायच्या आधीच वर्गाबाहेर येऊन उभी राहिली. इतके दिवस तिने वाजवलं होतं आणि लोकांनी दारातून ऐकून मान डोलावली होती. उत्तर मात्र त्यांच्यातल्या कोणी दिलं नव्हतं.

५

कार्यक्रमाला वर्ग भरून गेला. मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या पुरल्या नाहीत, पोरं पुढे सतरंजीवर बसली. बॅनर छापणाऱ्याने हार्प हा शब्द कधी ऐकलेला नसावा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लटकत होतं, 'नेत्रा म्हात्रे यांचे एकल हार्ट वादन'.

"बीपीवाल्यांनी मागं बसा रं!" काळूराम ओरडले. सगळा वर्ग खदखदला, आणि नेत्राची धडधड कमी झाली.

तिने आईची जांभळी साडी नेसली होती. आधी वेल्सच्या मेंढपाळांची एक चाल वाजवली; लोकांनी सभ्यपणे ऐकली. मग तिने धवला धरला, हळद लावतानाचा. दुसऱ्या ओळीला मागून एक बाई गुणगुणायला लागली, मग तिच्या शेजारची, मग बायकांची सगळी बाजू. सगुणाआत्या डोळे मिटून डोलत होती. बाबा, बघा, नेत्रा मनात म्हणाली. बघा, उरलंय.

त्या भरात ती उठून बोलली. ठरवलं होतं त्याहून जास्त बोलली.

"आता शेवटचं. हे माझं नाही, तुमचंच आहे. तुमच्या बांधावरची हाळी आहे. मी एकेका घराला हाक देईन आणि थांबेन. त्या रिकाम्या जागेत ज्याच्या त्याच्या घराने ओ द्यायचा. सगळे मिळून वाजवू."

कोणी हललं नाही. सगुणाआत्याने डोळे उघडले. बायकांची बाजू, जी आत्ता गात होती, ती एकदम हात मांडीवर घेऊन बसली. लाजतायत, नेत्राला वाटलं. सुरुवात झाली की देतील.

तिने दामाच्या घराची हाक दिली.

वर्गातून कोणी ओ दिला नाही. ओ खिडकीतून आला.

या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. पश्चिमेला बसलेली माणसं अंग आवरून आत सरकली, खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरले. केतन सर खिडकीबाहेर पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चिंबोऱ्यावाले कुठेच नव्हते.

थांबावं, हे तिला कळत होतं. पण बोटांना पुढचं पाठ होतं. कान्याचं घर. ओ. पोशाचं घर. घोगरा, खाली उतरणारा ओ, आणि पहिल्या रांगेत काळूराम, ज्यांचं घर पोशाचं, खुर्चीचे हात धरून अर्धवट उठले. त्यांचे ओठ हलले. सत्तर वर्षांचा तो माणूस अगदी लहान पोरासारखा "बा" म्हणाला. सुनेने त्यांना ओढून खाली बसवलं आणि त्यांच्या तोंडावर पदर धरला.

बुधाजीचं घर. तोही ओ आला.

पाचवी हाक राहिली होती. ती न वाजवताही रचना संपली असती. कोणाला कळलंही नसतं. नेत्राने वर्गावर नजर फिरवली. सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात राग नव्हता. परक्याच्या पोराच्या हातून भांडं फुटावं आणि त्याला काही बोलताही येऊ नये, तसे पाहत होते.

तिने हिरूच्या घराची हाक दिली. पूर्ण जोर लावून.

बाहेरून काही आलं नाही. वर्गातूनही नाही. तिने तळवे तारांवर टेकवले.

६

टाळी वाजली नाही. कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला आणि तो वर्गभर ऐकू गेला. उन्हं कलली होती. खिडक्यांचे चौकोन फरशीवर लांब होत बॅनरपर्यंत पोचले होते. संपलं, नेत्राला वाटलं. आता केतन सर आभार मानतील, लोक खुर्च्या रचतील, उद्या ती बाबांना फोन करेल आणि काय सांगायचं ते तिला अजिबात कळणार नाही.

तेव्हा बांधाकडून हाळी आली.

हार्पचा सूर नव्हता तो. माणसाचा गळा होता. शब्द शेतांवरून तुटक आले, तरी कळण्यासारखे होते.

"हिरूच्या घरचाऽऽ—"

मग शांतता. तिनेच मोजूनमापून ठेवायची तेवढीच.

तिची बुद्धी धावत आली आणि एकेक कारण तिच्यापुढे ठेवू लागली. होडी. टवाळ पोरं. कानात भरून राहिलेला आपलाच सूर. कारणं चांगली होती. समोर सगुणाआत्या ओठांवर बोट ठेवून मान हलवत होती, नको, नको, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. दम धर, एवढंच ती सांगत होती. उत्तर मिळालं नाही की हाळी पुढे जाते.

नेत्राने दम धरला. हाळी पुढे गेली नाही. ती पुन्हा आली, आणि या वेळी तिने शब्द दुरुस्त केला.

"हिरूच्या घरचीऽऽ—"

कोणालातरी माहीत होतं, की त्या घरात आता मुलगी आहे.

नेत्राच्या छातीत काहीतरी हललं. ती भीती होती, हे नंतर कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी तिने मानलं नसतं.

"ओ," ती म्हणाली.

फार हळू म्हणाली. पण वर्गातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या, कोणी गेल्यावर घालतात तशा.

तिने गोधडी उचलून हार्पवर घातली, चारी बाजूंनी नीट खोचली, खाऱ्या हवेत तारा जपायला लागतात म्हणून. चपला स्टुलाखाली सारल्या. साडी वर घेऊन निऱ्या कमरेला खोचल्या. असं खोचायला तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"मॅडम!" केतन सर ओरडले. "मॅडम, कुठे निघालात?"

"पावणे—" सगुणाआत्या उठू पाहत होती. "अगो पावणे, ऐक—"

दारात नेत्रा क्षणभर थांबली. पाठ फिरवूनच थांबली, कान देऊन. आत फळ्यावर बॅनर होता, त्यावर तिचं नाव हातभर मोठं लिहिलेलं होतं. पोरांनाही वाचता आलं असतं. तिने वाट पाहिली. मागे पोरं रडत होती, खुर्च्या पडत होत्या, "मॅडम", "पावणे", "पोरी" सगळं एकात एक मिसळत होतं. त्यात ज्याला ओ द्यावा असं काही नव्हतं.

समोर रिकामी शेतं होती आणि त्यांच्या टोकाला बांध. बांधावर माणसांची ओळ उभी होती. मागून येणाऱ्या उजेडात त्यांचे चेहरे दिसत नव्हते, नुसते हात दिसत होते. या हातातून त्या हातात काहीतरी जड जात होतं. ओळीच्या मध्याशी येऊन ते अडत होतं.

तिथे एका माणसाची जागा मोकळी होती. दोन्ही बाजूंचे हात तिच्याकडे आधीच पुढे झाले होते.